भट्टी कोणती घ्यावी?

लबक, टेक्सास
९ एप्रिल २००६

प्रिय शाकिर,

जय भीम. चाचा-चाचींना सलाम सांग, सबीहावहिनींना नमस्कार.

फोन सोडून पत्र काऊन लिहून राह्यला म्हणून हसू नको. फोनवर पत्र्याची जाडी सांगता येत नाही अन् चित्रं दाखवता येत नाहीत. सोबत जाहिरातीतून कापलेली तीन चित्रं आहेत. तू टिनपत्र्याचा कारागीर, तुझा बाप तुझ्याहून मोठा कारागीर, म्हणून हे काम तुमच्याकडे.

इथं प्रत्येकाच्या घरामागच्या अंगणात कोळशाची एक भट्टी असते, झाकणाची. मंद आगीवर, धुरात, सहा-सहा घंटे मटन शिजवतात. 'स्मोकर' म्हणतात त्याला. आठ वर्षं झाली मला इथं, कधी घ्यावीशी वाटली नाही. आता घ्यायची आहे ती बासाठी.

बा येऊन महिना झाला. माय गेल्यावर जानेफळात त्याला एकटं कसं ठेवू, म्हणून हट्टानं आणलं. पण तो जेवत नाही रे. धम्मशीला रोज भाकरी करते, पिठलं करते, ठेचा करते. बा अर्धी भाकरी कुस्करतो, पाणी पितो अन् उठतो. सदरा खांद्यावरून घसरायला लागला आहे. डॉक्टरला दाखवलं, रक्त-बिक्त सगळं ठीक. डॉक्टर म्हणाला, आवडीचं खाऊ घाला.

आता बाच्या आवडीचं म्हणजे काय, तुला सांगायची गरज आहे का? कापूस वेचून झाला की आमच्या वावराच्या बांधावर तुम्हा-आम्हा दोन घरांचं जेवण व्हायचं. चाचानं तेलाचा पिंप उभा चिरून बनवलेली ती भट्टी, सायकलच्या आऱ्यांवर ओवलेलं मटन, बाभळीचा कोळसा. आगीजवळ बा. जाळीवर तळहात धरून एक-दोन-तीन मोजायचा. पाच म्हणेपर्यंत हात टिकला की आग बरोबर. आपण दोघं त्याची नक्कल करायचो अन् तू एकदा हात भाजून घेतला होता. माय चिंचेखाली भाकरी थापायची अन् तुझी अम्मी ओरडायची, "कचरूभाऊ, आज देता का उद्या?" शाकिर, मला इथं कितीदा झोपेतून उठल्यावर तो वास येतो. खोटं नाही सांगत.

म्हणून चाचांना विचार, यातली कोणती घेऊ? बाला विचारलं तर म्हणतो, "तुले वाटन ते घे." चाचांचं नाव काढलं की उठून जातो. मला वाटते, आठवण येते त्याला.

उत्तर लवकर टाक.

तुझा
नागसेन


जानेफळ
२ मे २००६

नाग्या,

सलाम अन् जय भीम.

तुझं पत्र आलं तवा पोस्टमन दुकानात उभा राहून म्हणते, "अमेरिकेचं पत्र अन् आत काय, नोटा?" म्या फोडून तिन्ही चित्रं दाखवली. म्हणे, "हे त अंगणातला बंब होय." गावभर झालं का नागसेन अमेरिकेत बंब घेऊन राह्यला.

आता ऐक. उभा काळा डबा आहे, त्याच्या आत पाण्याचं भगोणं ठेवा म्हणून लिहिलं आहे. आग अन् पाणी एकाच डब्यात! पोस्टमन चुकला नाई, तो बंबच आहे. दुसरी ते मातीची अंड्यासारखी. दिसाले लय खुबसूरत, पण आखरीले माठच. माठाले तडा गेला का माह्यासारखा कारागीर काय करन? अन् तुमच्याकडे हवा लय सुटते म्हणतो, एक दिवस पडली का गेली.

तिसरी घे. आडवा पिंप अन् बाजूले आगीचा वेगळा डबा, ते आपली आहे. त्याच्यात आग एकीकडे, मटन एकीकडे. आग पाहणाऱ्याले बाजूले बसता येते, झाकण न उघडता कोळसा टाकता येते. पण दुकानात गेला का डोळे मिटून घेऊ नको. बोटाच्या पेरानं पत्रा वाजव. टणटण वाजला त पातळ, हवेत गरम नाई राहणार. ठकठक वाजला त घे. मंग कागदाची एक पट्टी झाकणात धर, झाकण लाव अन् ओढ. पट्टी सहज निघाली त समज धूरही तिथूनच निघणार. चहूकडून ओढून पाह्य. दुकानदार पागल समजन, समजू दे.

अब्बांनी चित्रं पाह्यली. तेही हेच म्हणाले. म्हणाले का कचरूले म्हणा, राख रोज काढत जा, राखेनं पत्रा सडते. सलाम सांगतला.

इकडचं काय सांगू. ऊन असं का दुकानातला ऐरणीचा लोखंडी ठोकळा हातात धरवत नाई. धान्याच्या कोठ्या कोणी बनवून घेत नाई आता. सारा गाव कापसाच्या मागं, घरात धान्य येईन कुठून? कापूस विकते अन् थैलीनं ज्वारी आणते. तुह्या बाचं वावर यंदा पडीत आहे. चिंच आहे.

तुहे बा, आपले कचरूमामा, जेवले का ते लिहिजो.

शाकिर


लबक
२१ मे २००६

प्रिय शाकिर,

घेतली एकदाची! ठकठक वाजणारी घेतली. चार दुकानं फिरलो. तीन दुकानांत कागदाची पट्टी सटकन निघाली. चौथ्या दुकानात फाटली. दुकानातली पोरगी माझ्याकडे पाहून धम्मशीलेला म्हणाली, हे काय करतात? धम्मशीला म्हणाली, "यांच्या गावची रीत आहे." उचलायला चार माणसं लागली.

रविवारी पेटवली. शेजारचे दोघं-तिघं बोलावले होते. मी आपला थर्मामीटर घेऊन उभा. बा खुर्चीवर बसून पाहत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग उठला, मला कोपरानं बाजूला सारलं, आगीच्या डब्यावर हात धरला अन् "दोन" म्हणतानाच मागं घेतला. म्हणाला, "मटन शिजवून राह्यला का कोणाले जाळून राह्यला?" शाकिर, मला इतका आनंद झाला! त्यानं कोळसा दूर केला, हवेचं दार अर्धं लावलं, सहा घंटे जागचा हलला नाही. थर्मामीटर माझ्या खिशातच राहिला. अन् मटन असं झालं की शेजारचा म्हातारा दोनदा हात चाटत वाढून घ्यायला आला.

पण बानं तुकडा तोंडात घातला नाही. सगळ्यांना वाढलं, जाळी घासली, राख काढली अन् आत जाऊन दहीभात खाल्ला, तोही दोन घास. मी म्हटलं, "बा, एक तरी चाखून पाह्य." तर म्हणाला, "आगीजवळ बसलं का भूक मरते." कधीपासून? बांधावर तर सगळ्यात जास्त तोच खायचा.

दोन रविवार असंच झालं. आता मला वाटतं भट्टीच चुकली. धूर तसा नाही, लाकूड तसं नाही. इथं बाभूळ मिळत नाही, मेस्कीट म्हणून काटेरी झाड असते त्याचा कोळसा वापरतो. की ते मातीचं अंडं घेऊ? दुकान महिन्याच्या आत वस्तू परत घेते. चाचांना एकदा नीट विचारून लिही, त्या जुन्या भट्टीत असं काय होतं?

सप्टेंबरात बाची इथली मुदत संपते. मी ती वाढवून घेणार आहे. पण आधी तो जेवला पाहिजे. अशा अंगानं त्याला गावी पाठवायची हिंमत नाही होत अन् ठेवायचीही नाही होत.

नागसेन


जानेफळ
११ जून २००६

नाग्या,

भट्टी परत करू नको. भट्टीत काही दोष नाई.

म्या तुले खोटं लिहिलं. अब्बांनी चित्रं पाह्यली हे खरं, पण बोलले काही नाई. राखेचं, सलामाचं, सारं माह्या मनचं. मले वाटलं, चार गोड शब्द लिहिले त मामाले बरं वाटन. आता तू पुन्हा "चाचांना विचार" म्हणतो तवा खोट्यावर खोटं किती रचू?

अब्बा अन् मामा दीड वर्षापासून एकमेकांशी बोलत नाईत.

तुले कोणी कळवलं नाई. तुही माय म्हणे, परदेशात पोराच्या जिवाले घोर कायले. दोन हजार पाचच्या संक्रांतीची गोष्ट. तुले माहीत आहे, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अम्मीच्या बकऱ्या तुमच्या वावरात उतरत. कोणी कोणाले विचारत नसे. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीचा पाला बकऱ्यांचा, लेंडीखत वावराचं, अन् त्याच्या बदल्यात जेवणाचा बकरा आमच्याकडून. आपल्या जन्माच्या आधीपासून चालू होतं हे. त्या वर्षी मामांनी पहिल्यांदा ते नवीन बीटी बियाणं पेरलं होतं. अम्मी नेहमीसारखी बकऱ्या घेऊन गेली. सांजेपर्यंत अकराच्या अकरा बकऱ्या तोंडाले फेस येऊन पडल्या. त्यातले दोन बोकड बकरीदचे होते, ईद सहा दिवसांवर. अम्मीनं त्यायले सहा महिने हातानं चारलं होतं. सारं पुरावं लागलं.

गावात बैठक झाली. सारे म्हणाले, हे नवीन बियाणंच जहरी. दुसऱ्या गावातूनही तशाच गोष्टी कानावर येत होत्या. अम्मी मेहकरले जाऊन बियाण्याच्या दुकानदाराले घंटाभर शिव्या देऊन आली. मामा बैठकीत मान खाली घालून होते, अब्बा त्यायच्याकडे पाहून होते. कोणी कोणाले काही म्हटलं नाई. पण त्या दिवसापासून दोघं रस्ता बदलून जात. तुह्या मायच्या मयतीत अब्बा आले, आखरीपर्यंत थांबले, पण तुह्या बाच्या जवळ गेले नाईत. म्या समजतो का अब्बांच्या मनात राग आहे, का तुह्या वावरात माह्या बकऱ्या मेल्या. आता बियाणं जहरी निघालं त मामांचा काय गुन्हा? म्या अब्बाले दहा खेप म्हटलं. ते हातातली हातोडी जोरात मारते.

मामा मटन काऊन खात नाईत हे मले आता समजून राह्यलं. आमच्या अम्मीनंही तेव्हापासून बकरी पाळली नाई.

पाऊस नाई अजून. लोकं आभाळाकडे पाहून थकले. यंदा अर्धा गाव सोयाबीन पेरतो म्हणते.

तू मामाशी बोल. मटन खाऊ घालू नको, बोल.

शाकिर


लबक
६ जुलै २००६

प्रिय शाकिर,

तुझं पत्र मिळाल्यावर तीन दिवस मी बाशी काही बोललो नाही. कसं सुरू करावं कळत नव्हतं. मी इथं बसून धुराचा, कोळशाचा विचार करत होतो. मूर्ख मी.

परवा चार जुलै होती. इथला स्वातंत्र्याचा दिवस, घरोघरी भट्ट्या पेटतात. दुपारी आमच्याकडेही दहा-बारा माणसं. बा नेहमीप्रमाणे आगीजवळ. आमच्या कुंपणामागं कापसाचंच शेत आहे, मैलभर लांब, बीटीचंच. त्या शेतात फवारणीचं मोठं यंत्र फिरायला लागलं अन् हवेबरोबर औषधाचा वास आला. तोच वास, आपण दोघांनी लहानपणी नाक धरून ओळखलेला. बा उभा राहिला. हातातला चिमटा खाली पडला. तो ताडताड आत गेला अन् मोरीत ओकला.

मी मागं गेलो. म्हटलं, "बा, शाकिरनं सगळं लिहिलं आहे. बियाण्यानं झालं ते, तुझा दोष नाही." तर तो माझ्यावर असा ओरडला की बाहेरची माणसं गप्प झाली. "बियाण्यानं नाई झालं! बियाण्याले कायले बदनाम करता?"

मग न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. म्हणाला, लिहून घे अन् रहेमतुल्लाले धाड. मी त्याच्याच शब्दांत लिहून पाठवतो. चाचांना वाचून दाखव.

"रहेमतुल्ला, कचरूचा सलाम.

तुले माहीत आहे ते म्या आज तोंडानं बोलून राह्यलो. ते बियाणं म्या हौसेनं आणलं अन् गावभर सांगत फिरलो का आता फवारा बंद, पंप भंगारात टाका. साऱ्यायले हसलो. बोंडअळी आली नाई हे खरं, पण मावा आला, तुडतुडे आले. खालच्या अर्ध्या वावरात म्या पऱ्हाटीची फरदड ठेवली होती, ते पुन्हा फुटून आणखी एक वेचा निघन म्हणून. त्याच्यावर फवारा मारल्याशिवाय भागत नव्हतं अन् लोकांसमोर पंप पाठीवर घ्यायची लाज वाटत होती. पंप गळत होता. तुह्याकडे आणला, मागच्या दारानं. तू वॉशर बदलून देल्ला. म्या म्हटलं, कोणाले सांगू नको, लोकं हसतीन. तू म्हणाला, नाई सांगत.

संक्रांतीच्या दिवशी पहाटे, कोणी पाह्यलं नाई अशा बेतानं म्या फवारा मारला अन् मेहकरले निघून गेलो. दुसऱ्या दिवशी बकऱ्या येतात हे मले दरवर्षी आठवे. त्या वर्षी नाई आठवलं. लपवायच्या नादात होतो. दुसऱ्या दिवशी सांजेले मेहकरहून आलो त भाबी बांधावर बसली होती अन् तिच्या मांडीवर सुलतान बोकडाचं डोकं होतं.

बैठकीत लोकं बियाणं-बियाणं करू लागले. म्या बोलाले पाह्यजे होतं. तू माह्याकडे पाहून राह्यला होता. तू एक शब्द बोलला असता त साऱ्या गावासमोर माही इज्जत गेली असती. तू बोलला नाई. त्या दिवशी तू मले दोन लाथा मारल्या असत्या त म्या आज जेवलो असतो. नाग्याची माय, जनकाबाई, आखरीपर्यंत म्हणे, जा अन् सांगून ये. नाई गेलो. ते गेली. आता अमेरिकेतून सांगतो. मले माफ कर."

एवढं सांगून तो झोपला. शाकिर, मी बाला आयुष्यात रडताना दोनदाच पाहिलं. माय गेली तेव्हा अन् परवा.

चाचा काय म्हणतात ते कळव. काही म्हणाले नाहीत तरी तसंच कळव. आता मनचं लिहू नको.

नागसेन


जानेफळ
२७ जुलै २००६

नागसेन,

मनचं एक अक्षर लिहीत नाई. जसं झालं तसं ऐक, अन् बसून वाच.

तुहं पत्र आलं, म्या दुकानातच वाचलं अन् दुकान लावून घरी आलो. दुपारची नमाज झाल्यावर अब्बा घरी बाजेवर बसले होते. अम्मी बाजूले सुपात तूर निवडून राह्यली होती. मले अक्कल पाह्यजे होती का अब्बाले बाहेर घेऊन जाव, एकट्याले वाचून दाखवाव. पण म्या त पहिल्या ओळीपासून मोठ्यानं सुरू केलं. वाचता वाचता अब्बा मले डोळ्यानं खुणावून राह्यले होते, थांब म्हणून. म्या समजलो, त्यायले भरून आलं. वाचत गेलो.

वॉशरपाशी आलो अन् सुपाचा आवाज बंद झाला.

पूर्ण वाचून झालं. अब्बा आपल्या चपलीकडे पाहून राह्यले. अम्मी म्हणे, "पंप कोणी दुरुस्त केला म्हणे? ते पुन्हा वाच." म्या पुन्हा वाचलं. अम्मी उठली, सूप बाजूले ठेवलं अन् अब्बाच्या समोर उभी राह्यली.

"म्या त्या दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या, अन् खुनी माह्याच घरात बसून माह्याच हातचा चहा पिऊन राह्यला होता?"

अब्बा म्हणाले, "खैरुन्निसा, मले वार माहीत नव्हता. त्यानं पंप नेला, कवा मारणार ते सांगतलं नाई. अन् म्या त्याले जबान देली होती."

"जबान! पंप नेला एवढं त माहीत होतं ना? तुम्हाले मले एवढं सांगता आलं नाई, का आठ दिवस बकऱ्या नेऊ नको? दोस्ताची इज्जत वाचवली. माह्या बकऱ्या गेल्या त्या गेल्या."

मंग माह्याकडे वळली. पत्र माह्या हातातच होतं. म्हणे, "अन् तो कचरूभाऊ माफी यांच्यापाशी मांगते! बकऱ्या काय यांच्या होत्या? यांनी एक दिवस तरी पाला तोडून आणला का? बाळंतपणं म्या केली, रात-रात म्या जागली. दोघं माणसं दीड वर्ष तोंड फुगवून बसले, एकानंही मले विचारलं नाई का खैरुन्निसा, तुले काय वाटते."

नाग्या, म्या तिचा लेक, मलेही कवा विचारणं सुचलं नाई. मान वर करता आली नाई मले.

आखरीले तिनं सांगतलं ते जसंच्या तसं लिहितो: "त्याले लिही, माफी मले पाह्यजे, अन् कागदावर नाई पाह्यजे. इथं येऊन, माह्यासमोर बसून मांग. तोपर्यंत यांचाही चहा बंद."

चहा खरंच बंद आहे. सबीहा चोरून देते तो पितात. काल दुकानात येऊन अब्बा माह्याजवळ बसले. म्हणाले, "त्याले लिही, म्या रागात नव्हतो. म्या रोज वाट पाहत होतो का आज कचरू बोलन, आज बोलन. तो बोलला असता त माही जबान सुटली असती, म्या घरात सांगून मोकळा झालो असतो. त्याच्याकडे पाह्यलं का मले माहीच चोरी दिसे, म्हणून रस्ता बदलत होतो." पहिल्यांदा त्यायनं इतकं लंबं बोलणं केलं.

पाऊस बरा झाला. बाकी काही लिहवत नाई.

शाकिर


लबक
१३ ऑगस्ट २००६

प्रिय शाकिर,

तुझं पत्र बाला वाचून दाखवलं. "खुनी माह्याच हातचा चहा" वर तो इतक्या जोरात हसला की धम्मशीला स्वयंपाकघरातून पळत आली. मायच्या नंतर पहिल्यांदा हसला. मग चाचीचं पुढचं बोलणं ऐकलं अन् हसता हसताच त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. किती वेळ नुसता "बरोबर आहे, बरोबर आहे भाबीचं" म्हणत राहिला. मग मला म्हणाला, "तिकीट काढ."

मी म्हटलं, मुदत वाढवून घेतो, दिवाळीनंतर जा, तब्येत सुधारू दे. तो म्हणाला, "नाग्या, भाबी समोर बस म्हणते. इतक्या दुरून कसा बसू?"

त्याच दिवशी दुपारी त्यानं स्वतःहून भट्टी पेटवली. आधी वांगी भाजली, मग मटन ठेवलं. धम्मशीलेनं सहा भाकरी केल्या होत्या, तिला अजून तीन टाकाव्या लागल्या. बा मांडी घालून गवतावर बसला, हाडूक दातात धरून ओढत होता अन् मला म्हणत होता, मीठ कमी झालं. मी त्याच्यासमोर बसून पाहत होतो. पाच महिने मी हेच मागत होतो शाकिर. मला वाटायचं, एकदा जेवला की राहील. तो जेवला अन् निघाला.

रडू आलं मला. भट्टीकडे गेलो, धूर लागला म्हटलं. बाला कळलं असेल. मुदतवाढीचा अर्ज भरून टेबलावर ठेवला होता, तो आता काय करायचा.

दोन सप्टेंबरला तो मुंबईत उतरेल. माझा एक मित्र त्याला मेहकरच्या गाडीत बसवून देईल. तू स्टँडवर घ्यायला जा. गुडघा दुखतो त्याचा, गाडीतून उतरताना हात दे. तो घेणार नाही, तरी दे. एकट्याला घरात ठेवू नका.

तुझा
नागसेन


जानेफळ
१० सप्टेंबर २००६

नागसेन,

मामा सुखरूप आले. फोनवर तुले कळलंच, पण फोनवर सांगता येईन असं ते नव्हतं, म्हणून लिहितो.

स्टँडवर हात देल्ला, घेतला नाई. गावात उतरल्यावर म्या म्हटलं, आधी घरी चला, हातपाय धुवा. ते तसेच धुळीच्या पायानं आमच्या अंगणात आले. अब्बा बाजेवरून उठले. दोघं एकमेकांसमोर उभे राह्यले, दोघायनंही हात उचलला अर्धा, अन् अम्मीनं आतून आवाज देल्ला, "ते मंग. आधी इकडे."

मामा ओसरीत खाली बसले. अम्मी समोर बसली. मामा काही बोलणार तोच म्हणे, "आधी ऐका." अन् एकेका बकरीचं नाव सांगाले लागली. चांदणी, तिले पहिल्या खेपीले जुळं झालं. भुरी, ते पिवशीतली ज्वारी चोरून खाये. लंगडी, तिचा पाय म्या बांधला होता. शहजादी म्हणून एक होती, ते दुसऱ्या कोणाच्या हातानं पाणी पेत नसे. प्रत्येकीचं काही ना काही. सुलतान आखरीले घेतला. अकरा नावं झाली नागसेन, अन् मामायनं एकदाही नजर खाली केली नाई. डोळ्यातून पाणी वाहून राह्यलं होतं, ते पुसलंही नाई. अब्बा दारात उभे होते, त्यायचीही तीच गत.

मंग अम्मी म्हणे, "आता बोला."

मामा म्हणाले, "भाबी, चूक माही होती. अकराच्या अकरा म्या मारल्या."

अम्मी अब्बाकडे पाहून म्हणे, "अन् तुम्ही?" अब्बा म्हणाले, "मीही." तवा ते उठली अन् सबीहाले म्हणे, "तिघांचा चहा ठेव."

रोज दोन्ही टाइम मामा आमच्याकडे जेवतात. अंगावर मूठभर मांस चढलं, फिकीर करू नको. तुही आठवण काढतात, रोज काढतात. म्हणतात, पोरगं आगीजवळ पार कच्चं आहे.

काल मेहकरचा बाजार होता. अम्मीनं सकाळीच दोघायले हाक मारली, "चला, बकरी पाहाले जाऊ, तुम्ही दोघं पकडून आणसान." गाडीत पुढच्या सीटवर अम्मी बसली, म्या तिच्याजवळ उभा होतो. दोघं म्हातारे मागच्या सीटवर. गाडीचा आवाज लय होता, काय बोलत होते ते मले ऐकू नाई आलं. पण मेहकर येईपर्यंत बोलत होते.

शाकिर